टिटवी, नग चार

आमच्या कंपनीत टिटवीच्या अंड्यांना पार्ट नंबर होता.

डिस्पॅच यार्डात ट्रेलर जिथे उलटे येऊन लागतात, तिथल्या खडीत एका सकाळी चार केशरी कोन उभे दिसले. कोनांच्या मधोमध एक सळई आणि सळईला पिवळा टॅग. टॅगवरचा छापील मजकूर सगळ्यांना पाठ होता : 'थांबा. तपासणी बाकी. हलवू नये.' खालचे रकाने मात्र निळ्या बॉलपेनने भरलेले होते. पार्ट नंबर : टि-१. वस्तू : टिटवीची अंडी. नग : चार. कारण : उबवण चालू. त्याखाली सही. ती वाचता येत नव्हती, पण कोणाची हे कोणी कोणाला विचारलं नाही.

पिवळ्या टॅगचं आमच्याकडे काय वजन होतं ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. मी तिथे रुजू होण्याआधी कधीतरी एक संशयास्पद लॉट कोणीतरी 'चालतंय' म्हणून पुढे ढकलला होता आणि तो गिऱ्हाइकाकडून फजितीसकट परत आला होता. त्यानंतर प्लांटहेड साहेबांनी नियम केला : ज्या मालाबद्दल शंका आहे त्याला पिवळा टॅग लावायचा आणि ज्याने लावला त्यानेच तो तपासणी करून काढायचा. दुसऱ्या कोणीही नाही, खुद्द प्लांटहेडनेही नाही. हा नियम साहेबांच्या सहीनिशी चौकटीत घालून प्रत्येक खात्यात टांगलेला होता. नियम करताना त्यांच्या डोळ्यांसमोर पक्षी नसावेत.

डिस्पॅचवाल्यांनी तक्रार केली तेव्हा साहेब स्वतः यार्डात आले. टिटवी त्यांच्या डोक्यावरून दोनदा ओरडत गेली. साहेबांनी हेल्मेट घातलेलं असल्यामुळे सुरक्षेचे नियम पाळले गेले. टॅग लावणारे गृहस्थ बाजूला हात मागे बांधून उभे होते. साहेबांनी त्यांना विचारलं, किती दिवस?

"तिच्यावर हाय, साहेब."

"अंदाजे?"

"अंदाजे माझ्याकडं न्हाई."

साहेबांनी टॅगकडे पाहिलं, मग गोदामाच्या भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. चौकटीत त्यांची स्वतःची सही होती. ते परत गेले. पुढे जवळजवळ महिनाभर हरियाणाचे, बिहारचे, नगरचे सगळे ट्रेलरवाले त्या चार कोनांना वळसा घालून गाडी लावत होते. कोणीतरी तिथे पाण्याची वाटीही ठेवली. एका सकाळी अंडी फुटली, पिल्लं अंग वाळवून आपल्या पायांनी चालती झाली. टॅग रीतसर काढला गेला आणि त्यावर शेरा पडला : 'नग तीन पास, स्वतः चालत गेले. नग एक उबला नाही.' तो टॅग अजून फायलीत आहे.

या गृहस्थांना आम्ही समोर काका आणि मागे मायक्रॉनकाका म्हणायचो. ते कॅलिब्रेशन रूम सांभाळायचे. कारखान्यात जी मापं माल मोजतात, त्या मापांना मोजणारी ही खोली. तिथलं तापमान बारा महिने वीस अंशांवर असतं, म्हणून काका बारा महिने अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालायचे. चाकणच्या एप्रिलात, डांबर मऊ झालेलं असताना, यार्डातून स्वेटर घातलेला माणूस शांतपणे चालत जातोय हे दृश्य नव्या पोरांना पहिल्या दिवशी दाखवलं जाई. गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग, खिशात व्हर्नियर कॅलिपर. कॅन्टीनमध्ये कोणी 'काका, थोडी भाजी वाढू?' म्हटलं की ते विचारायचे, "थोडी म्हंजे किती?" आणि हे ते चेष्टेने विचारत नसत. 'अंदाजे' या शब्दाशी त्यांचं खरंच वैर होतं. त्यांच्या मते मोजायचा कंटाळा आला की माणूस तो शब्द वापरतो.

ते कुरुळीचे. पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांच्या घरची जमीन आमच्या प्रेस शॉपखाली गेलेली होती आणि त्याबद्दल त्यांना दुःख असेल असं मी सुरुवातीला गृहीत धरलं. मी लातूरकडची, निगडीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी, कंपनीच्या बसने येणारी. गेलेल्या जमिनीबद्दल हळहळणं मला पुस्तकांनी शिकवलेलं. मी एकदा हळवा सूर लावून विचारलं तर म्हणाले, "ती बाजरी होती. बाजरी कुठंबी येती." आणि भिंग पुसत बसले.

त्यांचा जीव दुसऱ्याच जागेवर होता. प्रेस शॉपच्या मागे, कुंपणाच्या आत, नाल्यापर्यंत एक मोकळा माळ होता. पूर्वीचं गायरान. कंपनीच्या नकाशात त्यावर 'रिकामी जागा' असं छापलेलं होतं. तो नकाशा माझ्या टेबलामागे होता, कारण मी प्रशासन विभागात होते आणि जमीन, बाग, बस, पाट्या, हारतुरे हे सगळं माझ्याकडे होतं. अक्षर चांगलं आणि वाचन बरं, या दोन दोषांमुळे भाषणंही माझ्याकडेच यायची.

काका माझ्या टेबलाशी आले की नकाशाकडे पाठ करून बसायचे. मला ते एरवी 'मॅडम' म्हणत. 'ताई' म्हणाले की समजायचं, आपली काहीतरी चूक झाली आहे.

पर्यावरण दिन हा आमच्याकडचा मोठा सण. मुख्य गेटपाशी एक खड्डा होता. त्याला कर्मचारी 'पाहुण्यांचा खड्डा' म्हणायचे. दरवर्षी एक पाहुणे यायचे, रंगवलेल्या घमेल्यातून दोन मुठी माती टाकायचे, वडाचं रोप लागायचं, फोटो व्हायचा. खड्ड्याखाली बांधकामाचा राडारोडा होता, त्यामुळे वड दिवाळीपर्यंत मरायचा आणि खड्डा पुढच्या पाहुण्यांसाठी मोकळा व्हायचा. चार वर्षांत चार वड मी स्वतः चार भाषणांतून 'भावी पिढ्यांना सावली देणारा' केले होते.

पाचव्या वर्षी वरून हुकूम आला की एका रोपावर भागणार नाही. पर्यावरणाचं ऑडिट येतंय, शेकडो झाडं लावा. जागा? नकाशात होतीच. रिकामी. मी रोपवाटिकेला गुलमोहर आणि सप्तपर्णीची ऑर्डर दिली, खड्ड्यांच्या जागी खुंट्या मारून घेतल्या आणि मांडववाल्याशी बोलत होते, तेवढ्यात काका आले.

"ताई, कोण म्हनलं रिकामी?"

मी म्हटलं, काका, झाडंच लावतोय, कारखाना नाही. तुम्हाला झाडं नकोत? हा प्रश्न विचारताना माझ्या आवाजात जो प्रेमळ वरचढपणा होता तो मला आजही आठवतो. पर्यावरणप्रेमी माणूस झाडांना विरोध करतोय म्हणजे वय झालं, असं माझं निदान होतं.

त्यांनी वाद घातला नाही. उद्या पहिल्या बसने या म्हणाले.

मेचा महिना होता. साडेसहाला आम्ही माळावर होतो. गवत वाळून पिवळं पडलेलं, मध्ये मध्ये मुरूम उघडा. मला चपलेत शिरणाऱ्या कुसळांखेरीज काही दिसत नव्हतं. काकांनी मला एका दगडावर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसले. मी विचारलं, काय बघायचं? तर म्हणाले, "बघायचं न्हाई. बसायचं. आपुन थांबलो की ते चालायला लागतंय."

वीस मिनिटं काहीच चाललं नाही. मी मनातल्या मनात मांडवाच्या खुर्च्या मोजून टाकल्या. मग ज्या दगडाकडे मी सगळा वेळ पाहत होते, त्याच्यावरच्या खपलीला डोकं फुटलं. तो सरडा होता, बोटाएवढा, तिथेच बसलेला. त्याने मान ताणली आणि गळ्याखालून निळा-केशरी पंखा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. इतका भडक रंग इतक्या धुळकट प्राण्यात कुठे घडी करून ठेवलेला असतो हे मला कळेना. पलीकडून एक चिमणीएवढा पक्षी सरळ वर गेला, शिटी घातली आणि दगडासारखा खाली आला. जमिनीला लागतोय म्हणेपर्यंत पुन्हा वर. काका म्हणाले, ह्याला डोंबारी म्हणतात, कसरत करतो म्हणून. मग एकेक करत त्यांनी सांगितलं : पावलं वाजली तरच उडणाऱ्या पखुर्ड्या, उडण्याऐवजी धावत सुटणारा धाविक, नाल्याच्या काठी खोकडाचं बीळ. हे सगळे उघड्यावर राहणारे. लांबून शत्रू दिसला पाहिजे, ही त्यांची पहिली अट. झाड आलं की त्यावर कावळा आणि शिक्रा बसणार, खाली सावली पडणार, गवत जाणार.

मग त्यांनी आपली चौकट काढली. मेंटेनन्सकडून सळईची जोडून घेतलेली, मीटरभर लांब, मीटरभर रुंद, पिवळी रंगवलेली. माळाकडे पाठ करून, न बघता, ती खांद्यावरून मागे फेकायची. पडेल तिथे बसायचं आणि चौकटीच्या आत जे आहे ते सगळं लिहायचं. येणाऱ्या मालाची तपासणी आम्ही अशीच करतो. सगळा लॉट उघडत नाही, नमुना काढतो, पण नमुना निवडून काढायचा नाही. त्या सकाळच्या चौकटीत गवताच्या सात जाती निघाल्या. मारवेल, पवन्या, कुसळी मला तेव्हा पहिल्यांदा वेगळ्या दिसल्या. शिवाय एक खंडोबाचा किडा, शेणकिड्याने वळलेली गोळी, सापाच्या कातीचा तुकडा, तीन प्रकारच्या मुंग्या आणि गुटख्याची एक पुडी. पुडीपुढे त्यांनी लिहिलं : 'बाहेरचा माल.'

परतताना त्यांनी तीच चौकट ऑफिससमोरच्या हिरवळीवर टाकली. रोज पाणी, आठवड्याला कात्री, साहेबांचा अभिमान. आत निघालं : एकाच जातीचं गवत, एक गांडूळ, कोणा सप्लायरचं व्हिजिटिंग कार्ड. दोन्ही कागद त्यांनी माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि आपल्या थंड खोलीत निघून गेले.

मी रोपांची ऑर्डर रद्द केली नाही. मला पटलं होतं, पण पटणं आणि मांडव रद्द करणं यांत अंतर असतं. मी स्वतःला सांगितलं की माझ्या हातात काही नाही. ते अर्धं खरं होतं.

रंगीत तालमीच्या सकाळी माळावरच्या प्रत्येक खुंटीला पिवळा टॅग होता. स्टोअरमधले टॅग संपले होते. वस्तू : माळ. नग : एक. कारण : आत काय आहे ते मोजलेलं नाही.

प्लांटहेड साहेब संतापले, पण संतापाला वेळ थोडा होता. ऑडिटर चार दिवसांत येणार होते आणि लागलेला प्रत्येक टॅग यादीत चढतो. तपासणीशिवाय काढला तर तोच मोठा दोष. साहेबांनी काकांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. काकांनी चौकटींचे कागद मांडले. साहेबांनी ते पाहिले आणि विचारलं, मग झाडं कुठे लावायची ते सांगा. काका म्हणाले, कुंपणाच्या भिंतीच्या कडेने, पार्किंगमागे. तिथं सगळं उकरलेलंच आहे. साहेब पाच मिनिटांत हो म्हणाले. इतक्या पटकन कोणी हो म्हणालं की थांबून विचार करावा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

फॉर्मवर जागा बदलल्याचं एका ओळीचं कारण हवं होतं. काकांनी सांगितलं, "लिवा, हितं आधीच भरलेलं हाय." मला ते सरकारी कागदाला शोभणारं वाटलं नाही. मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं : 'सदर भूखंड हरितपट्ट्यासाठी योग्य नाही.' काकांनी ते भिंग लावून वाचलं आणि सही केली. आम्ही दोघांनी कॅन्टीनमध्ये उपमा खाल्ला. काकांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि किती, ते विचारलं नाही.

दीड वर्षाने नवीन शेडचं काम निघालं.

जागा शोधताना कागद निघाले. हरितपट्टा भिंतीच्या कडेने पूर्ण झालेला. माळ हरितपट्ट्यासाठी योग्य नाही, असा खात्याचा लेखी शेरा. मग तो कशासाठी योग्य आहे हे सांगायला कोणाची गरज नव्हती. त्या दिवशी तिथे आम्ही गुलमोहर लावू दिले असते, तर ती जागा हरितपट्टा म्हणून कागदावर अडली असती. गवत गेलं असतं, पण निदान पुढेमागे झाडं काढून ते परत आणता आलं असतं. काँक्रीटमधून काय परत आणणार? शेडच्या अर्जाला माझ्या ओळीची झेरॉक्स जोडलेली होती.

ती घेऊन मी कॅलिब्रेशन रूममध्ये गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते आणि ते सगळं विसरले. काकांनी कागद घेतला, भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं.

"अक्षर चांगलं हाय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मी बी वाचूनच सही केली व्हती, ताई."

त्या खोलीत किती थंडी असते हे मला त्या दिवशी कळलं.

शेड थांबणार नव्हती. त्यांनी एकच गोष्ट मागितली. जानेवारी होता. ठेकेदाराचा जेसीबी सकाळी आठला माळावर उतरणार होता. तो अकराच्या आत उतरू नये. मी विचारलं, तीन तासांनी काय होणार आहे? ते म्हणाले, गारठ्यात सरड्याला पळता येत नाही, अंग तापल्याबिगर त्याचे पाय चालत नाहीत. ऊन वर आलं की निदान ज्याला जायचं तो जाईल. ठेकेदार हे कारण ऐकणार नव्हता. मी त्याला फोन करून सांगितलं की गेटपास अकरापर्यंत मिळणार नाही, सही बाकी आहे. नोकरीत मी बऱ्याच थापा लिहिल्या, पण बोललेली आणि उपयोगी पडलेली ही एकच.

अकराला जेसीबी सुरू झाला आणि काका त्याच्या पुढे चालू लागले. हेल्मेट, फ्लुरोसंट जाकीट, आत स्वेटर, हातात पिवळी चौकट. ती सळईने वाजवत, पाय आपटत, गवत झोडपत ते संथपणे पुढे आणि मागून ते पिवळं धूड. मी दुसऱ्या बाजूने चालत होते, हातात पत्र्याचा डबा घेऊन. प्रेस शॉपच्या खिडक्यांतून सगळी पहिली शिफ्ट बघत होती. ऑपरेटर माझ्या लातूरकडचाच निघाला. पहिल्याच वाक्यात कळलं.

"काका," तो वरून ओरडला, "माझी वरात काढायलाव का?"

"व्हय. वऱ्हाड मंद चालतंय, भावा. हळू घे."

आणि त्याने खरंच हळू घेतलं. एक ससा गेला. लाव्यांची एक ओळ गेली. सरडे थांबत थांबत, मागे बघत गेले. एक धामण इतक्या सावकाश गेली की ऑपरेटरने इंजिन बंद करून बिडी पेटवली. सगळे एकाच दिशेने जात होते, उत्तरेच्या कोपऱ्याकडे, नाल्याच्या बाजूला.

तो कोपरा वाचला होता. जागा बदलल्यावर काकांनी माळावरचे सगळे टॅग काढले होते, या कोपऱ्यातला एक सोडून. माळाचा तेवढा भाग त्यांनी भर पावसाळ्यात पाहिलेला नव्हता आणि एक पावसाळा पाहिल्याशिवाय ते कुठलीही तपासणी पूर्ण म्हणत नसत. मग पावसाळ्यात पाहिलं तर हिवाळा राहिला, हिवाळा पाहिला तर अजून काही. शेडची आखणी करणाऱ्यांना यादीत एक उघडा टॅग दिसला. त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा त्यांनी रेघ थोडी आत घेतली. चार ट्रेलर उभे राहतील एवढा त्रिकोण. संध्याकाळी त्या टॅगच्या मागे काकांनी लिहिलं : 'पाहुणे आले.' आणि खाली यादी.

त्यांच्या निरोप समारंभाचं भाषण मीच लिहिलं. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेब बदलले होते, नव्या साहेबांनी 'सुमारे तीस वर्षांची सेवा' असं म्हटलं तेव्हा काका माझ्याकडे वळून कुजबुजले, "एकतीस वर्सं चार म्हयने." घड्याळ घरी नेण्याआधी त्यांनी ते कॅलिब्रेशन रूमच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि ते पुढे असल्याचं साहेबांना सांगितलं.

निवृत्त होणाऱ्याचे उघडे टॅग दुसऱ्याच्या नावे करावे लागतात. त्यांनी मापांचे सगळे टॅग आपल्या जागी आलेल्या तरुण इंजिनियरच्या नावे केले. माळाचा एक माझ्या. मी म्हटलं, काका, मी प्रशासनातली, मला तपासणी येत नाही. ते म्हणाले, जमीन तुमच्याच खात्यात येते. चौकट स्टोअरला ठेवली आहे.

त्यानंतर दर ऑडिटला त्या यादीत एक ओळ निघायची : 'माळ, नग एक, तपासणी बाकी.' ऑडिटर भुवया उंचावायचे, मी 'प्रगतीत आहे' म्हणायचे, ते पुढे जायचे. तपासणी प्रगतीत नव्हती. मी त्या कोपऱ्यात एकदाही गेले नव्हते. कारण कामं असतात. आणि त्या वाटेवर शेड लागते.

यंदा एप्रिलमध्ये नव्या साहेबांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर रंगीत चित्र होतं. त्या कोपऱ्यात जैवविविधता उद्यान करायचं ठरलं होतं. मधोमध हिरवळ, कडेने पेव्हर ब्लॉकची पायवाट, दोन बाकं, फोटो काढायला फुलपाखराच्या आकाराची कमान, फायबरची दोन हरणं आणि एक मोर. खऱ्या मोराच्या मानाने त्याला नीटनेटकं शेपूट होतं. पाटीवरचा मजकूर मी लिहावा. पर्यावरण दिनाला उद्घाटन. फक्त तो जुना टॅग तेवढा बंद करा, आता तो तुमच्याच नावावर आहे ना?

मी हो म्हटलं. कशाला हो म्हटलं ते मी मुद्दाम स्पष्ट केलं नाही.

रविवारी कुरुळीला गेले. काकांच्या घराभोवती आता कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या तीन रांगा आहेत, मुलाने बांधल्या. सगळीकडे फरशी. फक्त मोरीच्या बाजूला सतरंजीएवढी जमीन उघडी होती आणि तिच्यात गवत होतं. काका तिथेच स्टुलावर बसले होते, गळ्यात भिंग. स्वेटर नव्हता, त्यांना बिनस्वेटरचं मी पहिल्यांदाच पाहत होते आणि ते माझ्या आठवणीपेक्षा बारीक निघाले. सुनेने चहा आणला, म्हणाली, मामंजी इथं फरशी घालू देत न्हाईत, तुमी तरी सांगा. मी काय सांगणार!

मी चित्राचा कागद दाखवला. त्यांनी भिंगाने मोर बराच वेळ पाहिला.

"उबवतोय का?"

मी हसले. ते हसले नाहीत. विचारलं, चौकट कुठं आहे? मी सांगितलं, कॅन्टीनवाल्यांनी नेली, तिच्यावर फडकी वाळत घालतात. मग त्यांनी विचारलं, "तपासणी केली?"

"नाही."

"मंग माझ्याकडं कशापायी आलात, ताई?"

मी म्हटलं, तुम्ही सांगाल ते करीन. त्यावर त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले की सांगण्यासारखं टॅगवर छापलेलं आहे. मग सुनेला हाक मारून मला बसस्टॉपपर्यंतचा जवळचा रस्ता दाखवायला सांगितलं.

सोमवारी मी पहिल्या बसने गेले. चौकट फडक्यांखालून काढून घेतली. कोपऱ्यात पोचले तेव्हा टॅग तिथेच होता, उन्हाने पांढरा पडलेला. शाई गेली होती, पण बॉलपेनने उमटलेल्या खाचा बोटाला लागत होत्या. मी पाठ केली आणि चौकट खांद्यावरून मागे टाकली. ती कुंपणाला अडकली. दुसऱ्यांदा नीट पडली. मग बसले.

पाऊण तास लागला. इतक्या वर्षांनी मला थांबायला काकांपेक्षा जास्त वेळ लागणार, हे उघड होतं. मारवेल ओळखलं. पवन्या ओळखलं. पाच जातींपर्यंत पोचले, दोन एकच आहेत की वेगळ्या, ते कळेना. म्हणून दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह घातलं. मुंग्या दोन प्रकारच्या. पिसाचा तुकडा एक. चौकटीच्या सळईवरच एक सरडा येऊन बसला. तो आत धरायचा की बाहेर, याचा नियम मला माहीत नव्हता. त्याने गळ्याखालचा पंखा उघडला. मी तो आत धरला.

दहाला साहेबांचा फोन आला. मांडववाला आणि हरणवाला दोघेही येऊन बसले आहेत. टॅग बंद झाला का?

मी म्हटलं, तपासणी चालू आहे, सर. आज एकच चौकट झाली. पावसाळ्यातही पाहावं लागेल.

साहेब शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. अंदाजे किती दिवस?"

"अंदाजे माझ्याकडे नाही, सर."